खाडीच्या तोंडाशी भिंत

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रिय मुनिरा,

शिव्या द्यायच्याच असतील तर शेवटपर्यंत थांब. तुला त्या मराठीत, उर्दूत आणि आता सासरच्या बोलीतही येतात, त्यामुळं घाई नाही. करमाडला मी दोनदा आले. दोन्ही वेळा तू चहा ठेवलास, बशीत खारी काढलीस, आणि मी मुद्द्यावर आले की उठून माझ्या तोंडावर हात ठेवलास. खाडीचा चिखल उपसून हात किती खरखरीत झालाय गं तुझा! माणसाच्या तोंडावर हात ठेवता येतो, कागदाच्या नाही, म्हणून लिहायला बसले आहे. दुपारचे अडीच वाजलेत. प्रयोगशाळेत सगळे जेवून आपापल्या पडद्यांसमोर बसलेत आणि मी वहीची पानं फाडून पत्र लिहिते आहे, हे सगळ्यांना दिसतं आहे. दिसू दे.

अम्मींना, तुझ्या सासूबाईंना, जाऊन आज सव्वीस दिवस झाले. त्यांच्यामागून आठवड्याभरात तुझ्या नवऱ्यानं, मुबारकभाईंनी, तुला एस.टी.त बसवून दिलं, आणि तेव्हापासून तू माहेरी याह्याचाचांकडं आहेस, त्यांच्या पंक्चरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. सात वर्षांची लाइबा तिकडं कोकणात बापाजवळ, काजरवेळच्या खाडीकाठी. तू इकडं जालना रोडवर. नवऱ्याचा एक फोन नाही. गावात सगळे म्हणतात की मुनिरानं खोटी बातमी पसरवली, खाडी साफ आहे म्हणून सांगितलं, आणि त्यावर विसंबून नऊ माणसं आजारी पडली, त्यातली एक गेली. हे असंच राहिलं तर तुला तुझं घर परत मिळणार नाही आणि लाइबा शाळेच्या सुट्ट्यांपुरती तुझी उरेल. तुझ्या बाजूनं बोलू शकेल असं जगात एकच माणूस आहे आणि ते आजवर तोंड मिटून बसलं होतं. म्हणून पहिल्यापासून सांगते. काही गोष्टी तुला पाठ आहेत, तरी सांगणार आहे. का, ते शेवटी कळेल.

बजाजनगरात आपल्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती आणि नळ चार दिवसांआड. कडुबा व्हॉल्व्हवाला सायकलला लांबलचक लोखंडी चावी बांधून यायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, आणि तू गल्लीच्या तोंडाशी पाळत ठेवून ओरडायचीस, ‘छोड्या रे छोड्या! कडुबा पानी छोड्या!’ त्या आरोळीवर अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावायची. माझ्या घरी कुणी नसलं तर माझ्या बादल्याही तूच लावायचीस. पाण्याबद्दल आपल्याला एवढं एकच माहीत होतं की ते कुणीतरी सोडलं तर येतं, आणि एकाच बाजूनं येतं. धरणातून सोडलं तर कालव्याला, टाकीतून सोडलं तर नळाला. नाही सोडलं तर नाही. शाळेत भरती-ओहोटीच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते, पण आतून मी कडुबाच्या चावीवर वाढलेली पोरगी.

तू लग्न होऊन कोकणात गेलीस त्याच वर्षी मी इथं लागले. आमचं पहिलं काम जायकवाडीचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हिरवं होतं. ते शेवाळ किती, कुठं आणि वाऱ्यानं कुठल्या काठाला लागणार, हे उपग्रहाच्या चित्रांवरून सांगायचं. उपग्रहाला विष दिसत नाही, त्याला रंग दिसतो. शेवाळ माजलं की पाण्याचा रंग बदलतो, तो आम्ही मोजतो. ढग आले की तेही दिसत नाही, मग संगणकातलं मॉडेल चालवायचं. मॉडेल म्हणजे कालचा डाग, आजचा वारा आणि पाण्याची ओढ घेऊन उद्या तो डाग कुठं असेल हे सांगणारं मोठं गणित. धरणात ते इतकं छान जमलं की तीन वर्षांपूर्वी आमच्याकडं समुद्र दिला. पावसाळा सरला की किनाऱ्याजवळ कधीकधी एक बारीक शेवाळ उठतं, पाणी तांबूस दिसायला लागतं, आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात. तिसरी, म्हणजे खाडीच्या चिखलातला खायचा शिंपला, तेच पाणी गाळून जगते. विष तिच्या अंगात साठतं, तिला काही होत नाही. खाणाऱ्याचे आधी ओठ बधिर होतात, मग हात, मग श्वास. उकळूनही ते जात नाही. समुद्रापासून एवढ्या लांब बसून आम्ही हे काम करतो म्हणून लोक हसायचे. मी म्हणायचे, उपग्रहाला काय, वाळूज काय नि वेंगुर्ला काय! फार ताठा होता मला.

आता तुझी गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या पहाटे तू परसात आलीस आणि बघतेस तर काल दारापर्यंत आलेली खाडी गायब. नुसता चिखल, होड्या कुशीवर पडलेल्या. तू धावत आत गेलीस आणि सासूला म्हणालीस, ‘अम्मी, पाणी कुणी सोडलं?’ घरभर हसू झालं. अम्मी मात्र हसल्या नाहीत. तुझा हात धरून तुला काठावर नेलं, दगडावरची ओली रेघ दाखवली आणि म्हणाल्या, ‘ह्याला कोण सोडीत नाय, बाय. हा आपला येतो, आपला जातो. दिसाला दोनदा.’ तू हे मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी पोट धरून खाली बसले होते. कडुबा तिथंपण पोचला का, म्हणून तुला वर्षभर चिडवलं.

लाइबा झाली तेव्हा मी आले आणि एकच रात्र राहिले. दुपारी पोचले तेव्हा खाडी भरलेली, दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले तेव्हाही भरलेली. मधली संध्याकाळची ओहोटी मी बाळाजवळ घरात काढली, पहाटेची झोपेत. माझ्या डोक्यात ती खाडी म्हणजे तळंच राहिली. अम्मींनी तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. मला वाढायच्या आधी त्यांनी स्वतः वाटीभर खाल्लं, तेव्हा पाहुणी म्हणून मला जरा लागलंच. मग तू सांगितलंस. मोठ्या ओहोटीला तुमच्या गावच्या बायका चिखलात उतरतात त्या एका बाईच्या शब्दावर. ती ‘चला’ म्हणाली की सगळ्या टोपल्या उचलतात. आणि जिनं ‘चला’ म्हटलं तिनं पहिली वाटी खायची. घरातल्या पोराबाळांनी दुपारची, जोहरची नमाज होईपर्यंत थांबायचं. काजरवेळला वीस वर्षं अम्मीच ‘चला’ म्हणत होत्या. मला तो नियम इतका आवडला की परत आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

मागच्या वर्षी मी तोंडघशी पडले, तेही आठवत असेल. सप्टेंबरअखेरच्या पावसात नदीनं गाळ आणला, चित्रात पाणी लालसर दिसलं आणि मी इशारा काढायला लावला. पाच दिवस तुमच्याकडची मासळी कुणी घेतली नाही. नंतर बाटलीतलं पाणी तपासलं तर नुसती माती. आमचे प्रमुख आप्पासाहेब सर, त्यांना वरून बोलणी बसली आणि तुला गावातून. तुझी मैत्रीण ढगात बसून चिखल मोजते का, असं विचारायचे ना? माझी बाजू फक्त अम्मींनी घेतली. ‘भिऊन वरडली, बिघडला कुठं?’ म्हणाल्या. त्यानंतर प्रत्येक मोठ्या ओहोटीआधी त्या तुला सांगायच्या, तुझ्या निशाला विचार. सरकारी सूचनेपेक्षा तुमच्या मोहल्ल्यात माझा फोन मोठा झाला. खरं सांगू, मला ते आवडायचं.

मग तो दिवाळीच्या अमावास्येचा मंगळवार. प्रयोगशाळेत मी एकटी होते. आमच्या घरी दिवाळी करत नाहीत, म्हणून दर वर्षी ही पाळी मी मागून घेते. चार दिवस ढग होते, चित्र नव्हतं, सगळी भिस्त मॉडेलवर. त्यात तांबडा डाग दक्षिणेकडून वर सरकत आला, काजरवेळच्या खाडीच्या तोंडासमोरून गेला आणि पुढं उत्तरेला निघाला. आत शिरला नाही. पाच वाजता तुझा फोन आला. शब्द जसेच्या तसे आठवतात. ‘निशा, अम्मी पूछ रहे, कल बडी ओहोटी है. हमारी खाडी ठीक है ना?’ मी पडद्याकडं बघितलं. खाडी निळीशार. मी म्हणाले, ‘एकदम साफ आहे, जा बिनधास्त.’ तू म्हणालीस, पक्का? मी म्हणाले, पक्का. हे मी म्हणाले, मुनिरा. तू विचारलंस आणि मी सांगितलं. त्यानंतर आपण लाइबाच्या पडलेल्या दातावर पाच मिनिटं हसत बोललो.

मंगळवार दुपारचं चित्र माझ्या हाती आलं ते बुधवारी सकाळी दहाला. ढग फाटले होते. मी खाडीपाशी जाऊन चित्र मोठं केलं आणि हातातला चहा हातातच राहिला. तांबडा रंग खाडीच्या आत होता, पहिल्या वळणाच्याही पुढं. मॉडेलमध्ये मात्र आत एक ठिपका नव्हता. असं कसं, म्हणून मी मॉडेलची मांडणी उघडली. तीन वर्षांपूर्वी मी जायकवाडीचीच मांडणी उचलून समुद्राला लावली होती. धरणाला सगळीकडून काठ असतो. पाणी आत यायचं असेल तर कुणी किती सोडलं तो आकडा लिहायचा, आणि आकडा नसेल तर मॉडेल तिथं भिंत समजतं. समुद्राची उघडी बाजू मी उघडी ठेवली होती. पण खाड्यांची तोंडं? प्रत्येक तोंडाशी आकड्याची जागा कोरी, म्हणजे प्रत्येक तोंडाशी भिंत. तिथं सोडणारा कुणी नव्हता, म्हणून आकडा लिहायचं माझ्या मनातच आलं नाही. ते मॉडेल आम्ही चौघांनी तपासलं होतं. एक करमाडचा, एक फर्दापूरचे, एक जालन्याचा आणि एक मी. चौघांनाही ते बरोबर वाटलं. तुमच्याकडचं शाळेतलं पोर हसलं असतं. जे तू नवी नवरी असताना पहिल्या पहाटे विचारलंस, ते मी तीन वर्षांत कुणाला विचारलं नाही.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. इथपर्यंतचं कुणी माफही करील. दहा दहाला मी तुला फोन करायला हवा होता. मी केला आप्पासाहेब सरांना, ते फर्दापूरला घरी होते. ते म्हणाले, ‘घाई नको करू बाई. पुन्हा गाळ असंल तर? तोंडं उघडून एकदा चालवून बघ, मंग सूचना काढू. मागच्यासारखं हसं नको व्हायला.’ सर सूचनेबद्दल बोलत होते. मैत्रिणीला फोन करू नको, असं ते म्हणाले नव्हते. ते मी ठरवलं. काल पक्का म्हणाले, आज उलटं कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून. पुन्हा चूक निघाली तर तुमच्या मोहल्ल्यात माझ्या शब्दाला कोण विचारील, म्हणून. पहाटेच्या ओहोटीला बायका उतरून गेल्या असणार, तिसऱ्या घरोघरी पोचल्या असणार, हे मला कळत होतं. तरी मी भरती-ओहोटीचे आकडे भरले, बटण दाबलं आणि पडद्यावरची टक्केवारी बघत बसले. बारा टक्के. सव्वीस टक्के. एकदा फोन उचलला, तुझं नाव काढलं, परत ठेवला. चाळीस टक्क्यांवर वीज गेली आणि इन्व्हर्टर लागेपर्यंत मी संगणकाची वायर धरून उभी होते. ते तुमच्यासाठी नाही, गणित पहिल्यापासून चालवावं लागेल म्हणून. दोन तास चाळीस मिनिटं मी अशी काढली. शंभर टक्के झाले तेव्हा मॉडेलमधल्या खाडीत तांबडा डाग होता, बरोब्बर चित्रातल्या जागी. तेव्हा कुठं तुझा नंबर लावला. बारा पन्नास.

तू फोन घेतलास तेव्हा मागं ताटांचा आवाज येत होता. मी ओरडले, तिसऱ्या खाऊ नका. तू एक शब्द विचारला नाहीस. फोन तसाच टाकलास, पातेलं आपटल्याचं मला ऐकू आलं, लाइबाचं रडणं आलं आणि तुझा आवाज, ‘अम्मी, थूको! थूको!’ अम्मींची वाटी संपली होती. लाइबा ताट पुढ्यात घेऊन जोहरची वाट बघत होती. अम्मींच्या नियमानं ती वाचली आणि त्याच नियमानं त्या गेल्या. तू अनवाणी घरोघर धावलीस, पातेली लवंडलीस. ज्या आठ जणांनी चार-दोन घास खाल्ले होते, ते दोन दिवसांत दवाखान्यातून घरी आले. अम्मींचे ओठ दीड वाजता बधिर झाले आणि रत्नागिरीच्या वाटेवर गाडीत त्यांना श्वास घेता येईना. दोन दिवस यंत्रावर होत्या, शुक्रवारी गेल्या. मी दहा दहाला फोन केला असता तर पातेलं अजून चुलीवर असतं.

नंतर चौकशी आली. खाडी साफ असल्याचं कुणी सांगितलं, असं साहेबांनी विचारलं, आणि तू मुबारकभाईंच्या देखत सांगितलंस की निशाला मी विचारलंच नव्हतं. मोठेपणा मिरवायला मीच तिच्या नावानं ठोकून दिलं. वर माझा दुपारचा फोन मोठा करून सांगितलास. आज काजरवेळला लोक म्हणतात, निशानं फोन केला म्हणून आठ जण वाचले. त्या संध्याकाळी तू मला फोनवर एवढंच म्हणालीस, ‘तू कुछ नक्को बोल. तेरे घर में कमानेवाली तूच है, धोंडिबाचाचाकी दवा कौन लाएगा?’ मी रडले, नको नको म्हणाले, आणि ऐकलं. आता जे तुलाही माहीत नाही ते. आमच्या प्रयोगशाळेचा खुलासा मी टाइप केला. त्यात एक वाक्य आहे: ‘दुपारच्या इशाऱ्यापूर्वी येथील कोणत्याही व्यक्तीने सदर महिलेस कसलीही माहिती दिलेली नव्हती.’ सरांना तुझा मंगळवारचा फोन माहीतच नव्हता. त्यांनी माझ्यावर विसंबून सही केली. तो कागद तुमच्या ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचला गेला. तू स्वतःवर घेतलंस ते तोंडी होतं, आज ना उद्या कुणी विसरलं असतं. त्यावर शिक्का मी मारला. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुला एस.टी.त बसवलं गेलं.

करमाडला पहिल्यांदा आले ती तुला धीर द्यायला नाही, तू अजून माझ्याशी बोलतेस का ते बघायला. दुसऱ्यांदा आले तेव्हा याह्याचाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. वर न बघताच म्हणाले, ‘बेटी, चाय पीके जा. उसकू रुलाना नक्को.’ आपण मागच्या ओट्यावर बसलो होतो आणि तुझा फोन वाजला. तू तो बंद केलास, सवयीनं उठलीस, मग परत बसलीस. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणालीस, ‘ओहोटी लगी उधर.’ रोज थोडा पुढं सरकणारा तो ओहोटीचा गजर तू अजून काढलेला नाहीस. करमाडला, जिथं पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं, तिथं तुझा फोन दिवसातून दोनदा तुला उठवतो. मला ते सहन झालं नाही. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. ‘लई शिकलीस,’ एवढंच म्हणाले आणि ताट सरकवून उठले.

चौदा तारखेला मी लेखी जबाब दिला. मंगळवारचा पाच वाजताचा फोन, बुधवारचे दोन तास चाळीस मिनिटं आणि ते टाइप केलेलं वाक्य, काही ठेवलं नाही. सरांनी दोनदा वाचला. मला वाटलं कडाडतील. चष्मा काढून म्हणाले, ‘माझीबी सही खोट्यावर घेतलीस की गं,’ आणि मिळाल्याची सही करून पुढं पाठवला. नोकरी राहील की जाईल ते महिनाभरात कळेल. बाबांच्या औषधाचं मी बघेन, तू त्यात पडू नकोस. मॉडेलमधल्या एकाही खाडीच्या तोंडाशी आता भिंत नाही. आणखी एक केलं, करायला नको होतं. ऑक्टोबरचे ते दिवस उघड्या तोंडानं पुन्हा चालवून पाहिले. सोमवारच्या रात्रीच्या भरतीबरोबर डाग आत शिरला. तू मला विचारलंस तेव्हा तो सोळा-सतरा तास आतच होता, आणि मॉडेल धड असतं तर मला माझ्या खुर्चीत बसून दिसला असता.

आता, तुला पाठ असलेलं सगळं पुन्हा का सांगितलं ते. गेल्या रविवारी मी काजरवेळला गेले होते. तुला आधी सांगितलं असतं तर तू एस.टी.पुढं आडवी पडली असतीस. मुबारकभाई अंगणात जाळं विणत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, त्यांनी हातातली सुई थांबवली नाही. माझं बोलून झाल्यावर एक गाठ आवळून म्हणाले, ‘मला एकट्याला सांगून काय होणार? तुमचा तो कागद गावासमोर वाचला. हापण कागदावरच हवा आणि गावासमोरच वाचायला हवा.’ म्हणून हे पत्र करमाडला येत नाही, त्यांच्याकडं जातंय. दोन डिसेंबरला अम्मींचा चाळिसावा दिवस. त्यासाठी तुला न्यायला ते स्वतः येतील, आणि तुला वाटेल की रीत म्हणून आलेत. फातेहाची प्रार्थना झाली की ते अंगणात उभे राहून हे वाचतील, पहिल्या ओळीपासून. म्हणजे तू हे एकटी वाचत नाहीस, सगळ्या गावाबरोबर ऐकते आहेस, आणि मी तिथंच फाटकाशी उभी आहे. जिनं ‘चला’ म्हटलं तिनं पहिली वाटी खायची, हा तुमचा नियम. त्या पहाटे अम्मी ‘चला’ म्हणाल्या त्या माझ्या शब्दावर. ती वाटी माझी होती. मला माहीत आहे, आतापर्यंत तू तीनदा उठायला गेली असशील, ‘झूट बोलती ये’ म्हणायला. उठू नकोस, मुनिरा. लहानपणापासून माझ्या वाटचंही तूच ओरडलीस, आज गप्प बस. लाइबाला मांडीवर घे, आणि तिचे कान झाकू नकोस.

तुझीच,
निशा

(निशा धोंडिबा हिवराळे, बजाजनगर. वरचा शब्दन् शब्द माझा आहे आणि खाली सही माझीच आहे.)